रक्तपिती घराण्यातून येते का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणात जिला रक्तपिती म्हणतात, देशावर ज्याला महारोग म्हणतात, त्याच रोगाला आरोग्य खात्याच्या कागदांवर कुष्ठरोग असे नाव आहे. नावे तीन असली तरी भीती एकच. आणि गंमत अशी, की या भीतीच्या पोटात दोन समजुती शेजारी शेजारी नांदत असतात. पहिली, हा रोग शिवल्याने होतो. म्हणून रोग्याचे ताट वेगळे, अंथरूण वेगळे. दुसरी, हा रोग रक्तातून, घराण्यातून उतरतो. म्हणून त्या घरात मुलगी द्यायची नाही. रोग जर शिवल्याने होत असेल, तर घराण्याचा दोष काय? आणि घराण्यातून येत असेल, तर ताट वेगळे कशासाठी? पण एकाच माणसाच्या तोंडून मी या दोन्ही गोष्टी एका दमात ऐकल्या आहेत.

आपण खेड्यातल्या अडाणी समजुती म्हणून हे सोडून देऊ नये, कारण एकोणिसाव्या शतकात युरोपातले मोठमोठे डॉक्टर याच प्रश्नावर भांडत होते. आणि त्या भांडणात आपल्या रत्नागिरीचाही थोडा वाटा आहे.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना निराळ्या कारणाने माहीत असते. १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या शरीररचनेच्या ग्रंथातली चित्रे कार्टरने काढली. पुस्तकावर नाव ग्रेचे राहिले. चित्रकार त्याच वर्षी मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. पुढे काही वर्षे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. मुंबईत त्याला कुष्ठरोगी दिसत, ते कुठकुठून येतात याची तो बारकाईने नोंद ठेवी. त्याच्या कुष्ठरोगावरच्या लिखाणात कोकणाचे, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्याचे नाव येते ते त्यामुळे. त्या काळी पोटासाठी मुंबई गाठणारा चाकरमानी आपल्याबरोबर गावची भाषा नेई, गावचे देव नेई आणि कधी कधी हा रोगही नेई. रत्नागिरीत कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले तेही त्याच शतकात, सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून.

नोंदी करता करता कार्टरला एकाच कुटुंबातले अनेक रोगी आढळू लागले. त्या काळचा युरोपातला मोठा अधिकारी पुरुष म्हणजे नॉर्वेतल्या बर्गेनचा डॅनियलसन. त्याचे मत ठाम होते: रोग आनुवंशिक आहे. कार्टरचाही कल त्याच बाजूला होता. मग १८७३ साली तो रजेवर असताना बर्गेनला गेला. तिथे डॅनियलसनचाच जावई, आर्मौर हॅन्सन, रोग्यांच्या गाठींतला रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता आणि त्याला त्यात काडीसारखे जंतू दिसले होते. सासऱ्याच्या सिद्धान्तावर जावयाने पाणी ओतले म्हणा ना! कार्टरने ते पाहिले, १८७४ मध्ये नॉर्वेवरचा आपला अहवाल छापला आणि यानंतर तो संसर्गाच्या बाजूने बोलू लागला.

शास्त्राच्या पुस्तकांत हा वाद इथे मिटला असे लिहिलेले असते. जंतू सापडला, आनुवंशिकता संपली. रोग जंतूचा आहे, यात आज कसलीही शंका नाही. पण जे दिसले होते त्याचे काय? एका घरातले पाचजण एकाच छपराखाली, एकाच हवेत वर्षानुवर्षे राहतात. एकाला रोग होतो, चौघांना होत नाही. उपचार न घेतलेल्या नवऱ्याबरोबर तीस वर्षे संसार केलेली बायको ठणठणीत असते. आज आपल्याला ठाऊक आहे, की शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव माणसांना हा जंतू अंगात शिरला तरी रोग होत नाही. मग उरलेल्या पाचांतच असे काय असते?

या प्रश्नाचा एक सुरेख मागोवा आपल्याच देशात घेतला गेला. चक्रवर्ती आणि फोगेल या दोघांनी १९७३ मध्ये कुष्ठरोग झालेल्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुळी दोन प्रकारची असतात. एकाच बीजांडातून झालेली, हुबेहूब सारखी, ज्यांची सगळी जनुके सारखी; आणि दोन बीजांडांतून झालेली, जी जनुकांच्या हिशेबाने साध्या भावंडांसारखीच. पहिल्या प्रकारच्या ६२ जोड्या होत्या. त्यांत दोघांनाही रोग असण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्के भरले. दुसऱ्या प्रकारच्या ४० जोड्यांत ते सुमारे २० टक्केच होते. घर तेच, अन्न तेच, जंतू तोच. तरी एवढा फरक. म्हणजे जनुकांचा हात आहे. पण त्या ६० टक्क्यांची दुसरी बाजूही पाहा. उरलेल्या ४० टक्के जोड्यांत एकाला रोग झाला आणि जनुकाजनुकाने त्याच्यासारख्याच असलेल्या भावाला झाला नाही. घराण्याचे नाव घेऊन बोट दाखवणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

आता ही जनुके करतात तरी काय, ते पाहू. त्यासाठी आपल्याला शरीराच्या आत उतरावे लागेल.

आपल्या कातडीखाली, नाकाच्या अस्तरात, सगळीकडे काही राखणदार पेशी फिरत असतात. जंतू दिसला की त्या त्याला गिळतात. म्हणून मराठीत त्यांना भक्षक पेशी म्हणतात. पण गिळणे हे काम अर्धेच. कुष्ठरोगाचा जंतू तर मोठा चिवट. तो भक्षक पेशीच्या पोटात जाऊनही जिवंत राहतो, इतकेच नव्हे तर तिथेच वाढतो. त्याला मारायचा तर भक्षक पेशीला बाहेरून हुकूम यावा लागतो आणि तो हुकूम टी-पेशी देतात. अडचण अशी, की टी-पेशीला दुसऱ्या पेशीच्या पोटातले दिसत नाही. तिला अख्खा जंतूही ओळखता येत नाही. तिला ओळखता येतो तो जंतूच्या प्रथिनाचा एखादा लहानसा तुकडा, आणि तोही हातात धरून पुढे केला तरच. हा तुकडा धरून पुढे करण्याचे जे काम आहे, त्याला शास्त्रात प्रतिजनाचे सादरीकरण म्हणतात. शब्द जड आहे. आपण 'वानगी दाखवणे' म्हणू. आंब्याचा दलाल पेटीतला एक आंबा हातात घेऊन सगळ्या पेटीचा भाव ठरवतो. तसा टी-पेशी एका तुकड्यावरून जंतूचा निवाडा करते.

ही वानगी कशावर ठेवून दाखवायची? इथे आपले जनुक येते. त्याचे नाव एचएलए-डीआरबी१. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए जनुकांची एक वसाहतच आहे, त्यातले हे एक. एचएलए म्हणजे ह्यूमन ल्युकोसाइट अँटिजेन. पांढऱ्या पेशींवर प्रथम आढळली म्हणून ते नाव. यातला पहिला प्रकार फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ साली वर्णन केला. तेव्हा लोकांना वाटत होते, की ही माणसामाणसांतल्या फरकाची खूण आहे आणि तिचा उपयोग मूत्रपिंडाचे रोपण करताना जुळणी पाहण्यापुरता. पण निसर्गाने काही मूत्रपिंड बदलण्यासाठी ही जनुके ठेवली नव्हती. त्यांचे खरे काम काय, ते १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले: टी-पेशी परका पदार्थ नुसता ओळखत नाही, आपल्याच घरच्या एचएलएसारख्या रेणूवर ठेवलेला असेल तरच ओळखते. या शोधाला १९९६ चे नोबेल मिळाले.

हा रेणू दिसतो कसा? १९८७ मध्ये एका एचएलए रेणूचे आणि १९९३ मध्ये डीआर रेणूचे प्रत्यक्ष चित्र क्ष-किरणांच्या साह्याने मिळाले. ते पाहताना मला आपल्या वाडीतली पन्हळ आठवते. पोफळीचे खोड उभे चिरून, आतला गाभा काढून, विहिरीचे पाणी कलमांपर्यंत न्यायला जी वापरत असत ती. दोन बाजूंना कडा, मध्ये खोबण, दोन्ही टोके उघडी. डीआर रेणूचा माथा नेमका तसा आहे. त्या खोबणीत जंतूच्या प्रथिनाचा तुकडा आडवा पडतो. टोके उघडी असल्यामुळे तुकडा थोडा लांब असला तरी दोन्हीकडून बाहेर डोकावतो. खोबणीच्या तळाशी मात्र लहान-मोठे खळगे आहेत. तुकड्याच्या बाजूला निघालेली बोंडे त्या खळग्यांत बसली, तरच तो तुकडा पक्का धरला जातो. नाही बसली तर घसरून जातो.

पन्हळीची एक कड ज्या जनुकातून घडते ते बहुतेक सर्व माणसांत सारखेच असते. दुसरी कड घडवते ते डीआरबी१. आणि हे माणसागणिक बदलते. जगभरात याचे हजारो प्रकार नोंदले गेले आहेत. बदल नेमके कुठे असतात? बहुतेक करून त्या खळग्यांच्या तोंडाशीच. म्हणजे माझ्या पन्हळीवर जंतूचा जो तुकडा घट्ट बसेल, तो तुमच्या पन्हळीवर बसेलच असे नाही. तुमच्याकडे त्याच जंतूची दुसरी वानगी दाखवली जाईल.

पेशीच्या आत ही पन्हळ भरण्याची जी व्यवस्था आहे, ती ऐकण्यासारखी आहे. नवी पन्हळ तयार झाली की वाटेत भलतासलता कचरा तिच्यात पडू नये म्हणून आधी एक बोळा कोंबलेला असतो. पेशीच्या ज्या कप्प्यात गिळलेल्या जंतूचे तुकडे होत असतात तिथे ती पोहोचली की तो बोळा काढायचा. हे काम एचएलए-डीएम नावाचा दुसरा रेणू करतो. त्याचीही जनुके त्याच सहाव्या गुणसूत्राच्या वसाहतीतली. डीएम नुसता बोळा उपसून थांबत नाही. ढिले बसलेले तुकडेही तो काढून टाकतो, पक्का बसणारा मिळेपर्यंत. मग भरलेली पन्हळ पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि टी-पेशीची वाट पाहत राहते. आत एवढा खटाटोप चालू असतो आणि आपल्याला साधा तापही नसतो.

आता पुन्हा रक्तपितीकडे येऊ. या रोगाचे दोन टोकांचे प्रकार आहेत. एका टोकाला शरीर जंतूवर जोराने तुटून पडते. अंगावर एक-दोन चट्टे, जंतू जवळजवळ सापडत नाहीत. पण त्या झटापटीत जंतूला आसरा देणाऱ्या नसाच जखमी होतात आणि हाता-पायाची जाणीव जाते. याला क्षयसदृश प्रकार म्हणतात. दुसऱ्या टोकाला टी-पेशी जणू हात बांधून बसतात. जंतू बेसुमार वाढतात, कातडी जाड होते, कानाच्या पाळ्या सुजतात, गाठी येतात. मधल्या पायऱ्या अनेक. जंतू दोन्हीकडे एकच असतो. प्रतिसाद तेवढा वेगळा.

मग संशोधकांनी कुटुंबे घेतली. हिशेब असा. प्रत्येकाकडे एचएलएचे दोन संच, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन भावंडांचे दोन्ही संच सारखे असण्याची शक्यता चारात एक, एक संच सारखा असण्याची चारात दोन, एकही सारखा नसण्याची चारात एक. रोगाचा एचएलएशी संबंध नसेल तर रोग झालेल्या भावंडांतही हाच हिशेब निघायला हवा. नेदरलँड्समधले द व्रीस आणि व्हान रूड, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले मेहरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कुटुंबांवर हे काम केले. १९८० मध्ये निष्कर्ष आले: क्षयसदृश प्रकार झालेली भावंडे एचएलएचे संच हिशेबापेक्षा जास्त वेळा सारखे बाळगून होती आणि त्या संचांत डीआर२ हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसत होता. दक्षिण अमेरिकेतल्या अभ्यासांत डीआर२ ऐवजी डीआर३ पुढे आला. म्हणजे अमुक एक 'रक्तपितीचे जनुक' असे काही नाही.

१९९६ मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले. भारतीय रुग्णांच्या डीआरबी१ जनुकांचे अक्षरन् अक्षर वाचल्यावर असे दिसले, की क्षयसदृश प्रकाराच्या रुग्णांत खोबणीतल्या एका ठरावीक खळग्याच्या भिंतीत, प्रथिनाच्या तेराव्या किंवा सत्तराव्या-एकाहत्तराव्या जागी, आर्जिनीन हे अमिनो आम्ल असण्याकडे कल आहे. आर्जिनीनवर धन विद्युतभार असतो. त्यामुळे त्या खळग्यात कोणते बोंड बसेल आणि कोणते दूर ढकलले जाईल हे बदलते. घराण्याचा म्हणून जो डाग शतकानुशतके मानला गेला, तो सूक्ष्मात जाऊन पाहिला तर एवढाच: एका पन्हळीतल्या एका खळग्याचा आकार!

चित्र इतके सरळ मात्र नाही. २०१८ साली डेन्मार्कमधल्या ओडेन्स गावच्या मध्ययुगीन कुष्ठरोग्यांच्या हाडांतून डीएनए काढून तपासण्यात आला. तिथे डीआर२ च्याच गोतातला एक उपप्रकार आढळला, पण त्याचा संबंध निघाला दुसऱ्या टोकाच्या, जंतूंनी भरलेल्या रोगाशी. चीनमधल्या २००९ च्या मोठ्या पाहणीत एचएलए-डीआरच्या भागाबरोबर एनओडी२ यांसारख्या आणखी काही जनुकांकडे बोट गेले आणि भारतीय रुग्णांवरच्या २०१० च्या कामात टीएलआर१ चे नाव आले. ही जनुके वानगी दाखवण्याच्या आधीची, जंतूची चाहूल लागण्याची कामे पाहतात. पन्हळ हा साखळीतला एक दुवा, पण मोठा.

या सगळ्याचा आपल्या घरांशी संबंध काय? मी कातडीच्या रोगांचा डॉक्टर. काही वर्षांपूर्वी संगमेश्वराकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. रोगी कुणीच नव्हता. मुलीचे लग्न ठरत आले होते आणि मुलाच्या चुलत्याला पूर्वी रक्तपिती झाली होती असे कुणीतरी त्यांच्या कानावर घातले होते. "डॉक्टर, हल्ली रक्ताची सगळी तपासणी होते म्हणतात. त्या पोराच्या रक्तात ते आहे का, तेवढं बघून सांगा," असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना म्हटले, "काका, तपासणी आहे. पण तुमची स्वतःची केली तरी तो प्रकार निघू शकेल, माझी केली तरी निघू शकेल." आणि ते खरेच आहे. डीआर२ भारतात मुळीच दुर्मीळ नाही. तो असलेल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही आणि नसलेल्यांनाही रोग होतो. ते मान डोलावत गेले. पुढे पत्रिका काही आली नाही. पण कोकणात पत्रिका न येण्याची कारणे पुष्कळ असतात.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती इथे सांगतो. डीआरबी१ चे इतके प्रकार माणसात टिकून राहिले याला कारण आहे. सगळ्या गावाची पन्हळ एकाच घडणीची असती आणि एखाद्या जंतूचा एकही तुकडा तिच्यात बसणारा नसता, तर त्या एका जंतूने गाव ओस पाडला असता. प्रकार अनेक आहेत म्हणून कुणाच्या ना कुणाच्या पन्हळीवर वानगी बसते. जो प्रकार रक्तपितीत अडचणीचा ठरतो, तो दुसऱ्या एखाद्या साथीत उपयोगी पडलेला असू शकतो. तेव्हा कुणाचे रक्त चांगले आणि कुणाचे वाईट, हा हिशेब जीवशास्त्रात मांडताच येत नाही.

कायदा या बाबतीत शास्त्राच्या बराच मागून आला. जोडीदाराला कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांत होते. ते काढून टाकले गेले २०१९ साली. त्याच्या कितीतरी आधी, १९८२ मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली होती आणि रोग पुरता बरा होऊ लागला होता. देशपातळीवर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट भारताने २००५ अखेर गाठले. याचा अर्थ रोग गेला असा अनेकांनी घेतला. तो गेलेला नाही. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतात सापडतात, वर्षाला सुमारे एक लाख.

उपचारासाठी मात्र कुणाची एचएलए तपासणी करावी लागत नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल आणि कापसाचा बोळा फिरवला तर तिथे कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. औषधे मोफत असतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात आणि सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रोग्याकडून दुसऱ्याला लागण होण्याचे थांबते. रोग्याच्या घरातल्या माणसांना रिफॅम्पिसीनची एक मात्रा देतात. तीही पन्हळ कुणाची कशी आहे हे न पाहता.